फळ्यावरचा तणमोर

नगरच्या एसटी स्टँडजवळ एक सायकलचं दुकान होतं. त्याच्या आतल्या भिंतीवर एक काळा फळा टांगलेला असे. आधी त्यावर पंक्चर आणि ओव्हरऑइलिंगचे दर लिहिलेले असत. पुढे दुकानदाराने दरांची पाटी पेंटरकडून करून घेतली आणि फळा आम्हाला वापरायला दिला. आम्ही म्हणजे पक्षी पाहणारे. एक गुरांचे डॉक्टर, एक चित्रकलेचे मास्तर, मी आणि माझी बायको. कुणाच्याच घरी फोन नव्हता. डॉक्टर दिवसभर खेड्यांतून हिंडायचे, मास्तर शाळेत आणि मी पाटबंधारे खात्याच्या स्टोअरमध्ये. पण स्टँडवरून प्रत्येकाचं दिवसातून एकदा जाणं व्हायचंच. कुणाला काही वेगळं दिसलं की तो फळ्यावर पक्षी, जागा आणि वेळ लिहून ठेवायचा. बाकीचे वाचून तिकडे सुटायचे.

जिल्ह्याच्या पक्ष्यांची यादी ठेवायचं काम माझ्याकडे होतं. ते मला कुणी दिलं नव्हतं. यादी दिसली की मी ती ठेवायला घेतो.

सुरुवातीला फळ्यावर आलं की यादीत जायचं. मग डॉक्टरांचं माळढोक प्रकरण झालं. मे महिन्यात भर दुपारी त्यांना दौंड रस्त्याच्या माळावर माळढोक उभा दिसला. त्यांनी फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं की पंक्चरला आलेली माणसंही विचारू लागली. आम्ही तिघे त्यांच्याबरोबर सायकली हाणत गेलो. उन्हाच्या झळांत लांबवर खरंच काहीतरी उभं होतं, मान वर करून, अगदी स्तब्ध. दबकत, बसत, अर्धा माळ ओलांडून आम्ही जवळ गेलो. तेव्हा माळढोक उठला, त्याने खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि म्हणाला, "तंबाकू हाय का?"

त्यानंतर मी नियम केला. स्टोअरमध्ये माल उतरला की एकट्याच्या सहीने तो जमा होत नाही. एकजण माल घेतो, दुसरा तपासतो, दोघांच्या सह्या झाल्या की मगच नोंद. तेच इथे लावलं. एकाने पाहिलं, तर त्याच जागी दुसऱ्यानेही तो पक्षी पाहिला पाहिजे. दुसरी सही झाली की यादीत नोंद, आणि ज्याने ओळ लिहिली त्यानेच ती पुसायची. दुसरी सही होत नसेल आणि लिहिणाऱ्याने नाद सोडला, तरीही पुसायची त्यानेच. दुसऱ्याची ओळ कुणी पुसायची नाही. डॉक्टरांनी कुरकुर केली, पण घोंगडीची आठवण ताजी होती.

या नियमात पहिली अडकली ती माझी बायको.

श्रावणातला रविवार होता. आम्ही दोघं सोलापूरच्या एसटीने रुईछत्तिशीच्या पुढे उतरून एका कुरणात गेलो होतो. गवत कमरेच्या वर आलं होतं. दुर्बीण दोघांत एकच, जुन्या बाजारात मिळालेली, मिलिटरीची, एका डोळ्याला जरा धूसर. त्या वेळी ती तिच्याकडे होती. कुरणात चाललं की कुसळं मोज्यांत घुसतात आणि पाऊल टाकलं की टोचतात. मी वाकून ती काढत होतो.

"अहो, उडाला! अहो!"

मी वर पाहिलं. गवत होतं.

"कोण उडाला?"

"तणमोर. सरळ वर उडाला आणि खाली पडल्यासारखा बसला. मान काळी. पंखावर पांढरं. आणि डोक्यामागे अंबाड्यातले आकडे सुटून बाहेर आल्यासारखी पिसं."

आम्ही शेवटच्या एसटीपर्यंत उभे राहिलो. तो पुन्हा उडाला नाही. एकदा गवतातून बेडकासारखा टर्र आवाज आला. ती म्हणाली, तोच. मी म्हटलं, बेडूकही असेल.

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलं: तणमोर, नर, एक. रुईच्या पुढचं कुरण. दुपार. तिचं अक्षर ठसठशीत होतं. तणमोर म्हणजे माळढोकाचा लहान भाऊबंद, पावसाळ्यात नर गवतातून वर उडतो तेवढाच दिसणारा; जिल्ह्याच्या यादीत तोवर तो नव्हता. मास्तरांनी टाळी वाजवली. मी म्हटलं, "दुसरी सही बाकी आहे."

"तुम्ही होतात की बरोबर," मास्तर म्हणाले.

"मी वाकलेलो होतो."

"मग तुमच्या वाकण्याची सही घ्या," ती म्हणाली. डॉक्टर इतके हसले की हातातला चहा सांडला. मी हसलो नाही. ती म्हणाली, "मी खोटं बोलते का?"

"खोटं नाही. एकटीने पाहिलं, एवढंच."

"ठीक आहे. मग ओळ राहू दे. दुसरी सही झाल्याशिवाय मी पुसणार नाही."

त्या पावसाळ्यात आम्ही कुरणात आणखी काही वेळा गेलो. एकदा डॉक्टर आले, एकदा मास्तर आले. तणमोर दिसला नाही. गवत पिवळं पडलं, हंगाम संपला. ओळ तशीच राहिली. बाकीचे तिच्याभोवतीने लिहीत आणि पुसत राहिले.

पौषात तिला कावीळ झाली. औषध चालू होतं. कावीळ वाढत गेली आणि ती गेली.

या भागाबद्दल मला फार लिहिता येत नाही, कारण फार काही आठवत नाही. तेरावा झाल्यावर मी कामावर गेलो. घरातल्या वस्तूंची यादी केली: काय ठेवायचं, काय तिच्या बहिणीला द्यायचं, काय बोहारणीला. यादीप्रमाणे सगळं झालं. लोक भेटायला येत. मी त्यांना बसायला सांगत असे आणि ते उठून जाईपर्यंत बसत असे.

डॉक्टर आणि मास्तर मात्र बोलायला येत नसत. डॉक्टर दारातूनच सांगत, "भिंगारच्या ओढ्यावर काळा करकोचा आलाय. मास्तरांनी बी पायलाय." मास्तर सांगत, "किल्ल्याच्या तटावर बहिरी ससाणा बसतो आहे, सकाळी." मी कागद घेऊन लिहून घेत असे. ते निघून जात. फळ्यावर लिहिलेलंच असे, सांगायला येण्याची गरज नव्हती. तरी ते येत. दुसऱ्यांनी डबे आणले, यांनी पक्षी आणले. मी दोन्ही घेतलं. चव कशाचीच कळत नव्हती.

उन्हाळा लागताना मास्तरांनी विषय काढला. आम्ही दुकानात बाकावर बसलो होतो. दुकानदार चाक फिरवून आरे ताणत होता.

"वहिनींचा तणमोर यादीत घेऊ या," मास्तर म्हणाले.

"दुसरी सही नाही."

"आता कशाला हवी दुसरी सही?"

"आता म्हणजे काय?"

डॉक्टर म्हणाले, "तू मानूस हायेस का स्टोअरातलं लोखंडी कपाट? आमी दोघं सही करतो. जा, लिव्ह."

"तुम्ही पाहिलेला नाही."

"वहिनींनी पायला ना!"

"तोच तर प्रश्न आहे. ती गेली म्हणून घेतला, तर तिने पाहिला होता की नाही हे तसंच राहतं. तिने पाहिला होता."

डॉक्टर म्हणाले, "मग तुला काय पायजे?"

"कुरणात तणमोर दिसला पाहिजे. पावसाळ्यात जाऊ."

पण त्या वर्षी पाऊस नीट झाला नाही आणि पुढच्या वर्षी झालाच नाही. दुष्काळ सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं वर्णन करत नाही. माझ्यापुरता तो टिकाव, फावडी आणि घमेल्यांचा होता. दुष्काळी कामांवर रोज ट्रक भरून अवजारं जात आणि मोडून परत येत. मी जमा-खर्च लिहीत असे. डॉक्टर जनावरांच्या छावणीवर होते, आठवडा आठवडा दिसत नसत. मी एकदा कुरणात जाऊन आलो. ते जनावरांना खुलं केलेलं होतं. गवत नव्हतं, गवताची मुळंही खुरांनी उकरलेली होती. जमीन पाहिली आणि पुढच्या एसटीने परत आलो. तणमोराला गवत लागतं. ते असल्याशिवाय त्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी बघितली नाही.

फळा त्या दोन वर्षांत जवळजवळ रिकामाच होता. तळी आटलेली, हिवाळ्यात बदकं नाहीत. वरच्या कोपऱ्यात तेवढी तिची ओळ. पावसाचा थेंब नसल्यामुळे भिंत कोरडी राहिली आणि खडू टिकला. नवीन गिऱ्हाइकाने विचारलं की दुकानदार सांगायचा, "ते बाईंचं हाय. हात नका लावू."

त्र्याहत्तरला पाऊस झाला. जूनमध्ये आला, जुलैत थांबला नाही. श्रावणात मी डॉक्टरांना म्हटलं, "या रविवारी कुरणात." ते त्यांच्या राजदूत मोटारसायकलवरून मला न्यायला येणार होते. सकाळी त्यांच्या घरून निरोप आला की केडगावात एकाची गाय अडली आहे, ते तिकडे गेले. मास्तर लग्नाच्या बोलण्यांसाठी संगमनेरला गेले होते. मी एसटीने गेलो.

गवत पुन्हा कमरेवर आलं होतं. जनावरांनी सगळं संपवलं होतं, असं मला वाटलं होतं. मी तिथेच उभा राहिलो जिथे आम्ही त्या वेळी होतो, एका बुटक्या बाभळीजवळ. या वेळी मोजे घातले नव्हते. पायाला कुसळं लागत होती, लागू दिली.

तो फार वाट बघायला न लावता उडाला. गवतातून सरळ वर, माणसाच्या उंचीहून अधिक, पंख फडफडवले, मान मागे टाकली आणि खाली गेला. टर्र आवाज त्यानेच केला होता. बेडूक नव्हता. मी दुर्बीण लावून त्या जागेवर धरून ठेवली. तो पुन्हा उडाला. काळी मान. पंखावर पांढरं. डोक्यामागची पिसं मागे जाऊन टोकाशी वर वळलेली. हिने आकडे म्हटलं होतं. बरोबर म्हटलं होतं. त्याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. आनंद नाहीतर रडू. तसं काही झालं नाही. तो उडत राहिला, मी बघत राहिलो. शेजारी दुर्बीण द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मला ती सारखी डोळ्याला लावून ठेवता आली. हे लक्षात आलं तेव्हा मी ती खाली घेतली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी स्टँडवर उतरून दुकानात गेलो. डॉक्टर बाकावर बसले होते, अंगाला फिनेलचा वास.

"गाय?"

"सुटली. कालवड झाली. तुझं काय? दिसला?"

"दिसला."

डॉक्टर उठून उभे राहिले. "कितींदा उडाला?"

"मोजलं नाही."

"तू मोजलं न्हाईस!" ते म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मग लिव्ह फळ्यावर. उद्या मी जाऊन येतो, दुसरी सही करतो. जिल्ह्यातला पयला तणमोर तुझ्या नावावर."

"माझ्या नावावर नाही," मी म्हटलं. "दुसरी सही माझी आहे. पहिली तीन वर्षांपूर्वीच झाली."

"आरं, पर तो तणमोर आन् ह्यो तणमोर एकच कशावरून?"

"एकच नसेल. स्टोअरमध्ये माल तपासायला वेळ लागला, तरी जमा तो आला त्या तारखेलाच होतो. तपासणीच्या नाही. त्या कुरणात तणमोर असतो का, एवढाच प्रश्न होता. असतो."

डॉक्टर म्हणाले, "तुझ्या स्टोअराचा पयल्यांदा काईतरी उपेग झाला." आणि पाठ वळवून उगीचच एका सायकलची घंटी वाजवत राहिले.

यादी माझ्या पिशवीत होती. मी तिथेच बाकावर बसून नोंद केली. तणमोर, नर. प्रथम पाहणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव, तिने पाहिला त्या रविवारची तारीख. त्यापुढे माझी सही.

मग मी दुकानदाराकडे फडकं मागितलं.

"राहू द्या की साहेब," तो म्हणाला. "कुटं जागा अडलीय?"

"नोंद झाली. झाल्यावर पुसायचं असतं."

"लिव्हलं त्यानं पुसायचं," डॉक्टर पाठमोरेच म्हणाले. "नेम तुझाच हाय."

"ती येणार नाही," मी म्हटलं.

कोरड्या फडक्याने खडू निघेना. तीन वर्षांत तो फळ्यात मुरला होता. दुकानदाराने पंक्चर तपासायच्या घमेल्यातलं पाणी दिलं. फडकं भिजवून मी जोर लावून पुसलं, आधी वेळ, मग जागा, मग पक्षी. फळा ओला होता तोवर कोपरा काळा दिसत होता. आम्ही तिघांनी चहा घेतला. चहा संपेपर्यंत फळा वाळला आणि अक्षरं पुन्हा दिसायला लागली. पुसट, पण वाचता येतील इतपत.

"आता रंगच द्यावा लागंल त्याला," दुकानदार म्हणाला.

"दिवाळीच्या आधी देऊ," मी म्हटलं, आणि कामाच्या कागदावर तसं लिहून घेतलं.