डब्यावर दिसणारा तात्यांचा नंबर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. भूत, करणी, तळतळाट... असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. माझं कामच फोनचं. वायर आणि एक्स्चेंज — त्यात अमानवीय काय असणार?

साल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव. बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीचे ठिबक संच फोनवरून विकणारी इंदापूरची टीम मी सांभाळायचो. डॉक्टर, व्यापारी यांच्याकडे तेव्हा फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणारे डबे नवीनच आले होते. आमचा नंबर ओळखीचा झाला की लोक उचलायचेच नाहीत. म्हणून मी युक्ती काढली — लोकांच्या घरचे फोन भाडं देऊन दुपारपुरते वापरायचे. दोन महिन्यांत नंबर बदनाम झाला की मालकाला परत, आणि पुढचं घर.

शेजारचे तात्या मेंढरं विकून शेतीत स्थिरावलेले. ते हसायचे. "आरं, रान चरून झालं की मेंढरं हलवावीत, तसा नंबर हलवतूस की! मागं काय ऱ्हातं, बघतूस का?"

"काय राहतं, तात्या?"

"लेंड्या!"

पुढं त्यांचाही फोन घेतला. परत करताना, हा नंबर आता कुणी उचलत नाही, हे मात्र सांगितलं नाही.

महिन्याभरात एका दुपारी तात्यांच्या बायकोला, काकूंना, दम लागला. तात्यांनी चौकातल्या डॉक्टरांना चार वेळा फोन लावला. डॉक्टरांची बागायतही होती, म्हणून आम्ही सगळ्यात जास्त पिडलेलं गिऱ्हाईक तेच. कंपाउंडरनं डब्यावर नंबर बघितला आणि वाजू दिला. जीप मिळेपर्यंत काकू गेल्या.

तेराव्यानंतर तात्या ऑफिसात आले. "कंपाउंडर म्हनतो, ह्यो नंबर उचलायचा न्हाय असं ठरलंय. माझा नंबर? का रं?"

मला सगळं ठाऊक होतं. म्हणालो, "लाइनीत फॉल्ट असेल, तात्या."

ते उठून दाराकडं वळले. "बरं. तुझा बी कुनी उचलायचा न्हाय. म्या बघतो."

दिवाळीआधी तेही गेले. त्यांच्या मुलीनं घरचा फोन बंद करून टाकला. आणि त्याच आठवड्यापासून ऑफिसच्या तिन्ही लाइनींवरून केलेला प्रत्येक फोन समोरच्या डब्यावर तात्यांच्या नंबरनं उमटायला लागला. लाइनमननं वायर बदलली, यंत्रं बदलली. एक्स्चेंजमध्ये म्हणाले, तो नंबर कुणालाच दिलेला नाही. टीम बंद पडली. तरी मी बिघाडच म्हणत होतो.

मग एका दुपारी माझ्या आईच्या छातीत कळ आली. घरचा फोन मी धंद्याला कधीच वापरला नव्हता. त्यावरून त्याच डॉक्टरांना लावला. रिंग जात होती... जात होती... आणखी तीनदा लावला. पुन्हा तेच. शेवटी रिक्षात घातलं. दवाखान्याच्या दारात आई माझ्या मांडीवर गेली.

मी कंपाउंडरची कॉलर धरली. तो रडकुंडीला आला. "साहेब, तुमचा फोन आलाच न्हाय हो! ह्ये बघा —"

डब्यावर तात्यांचा नंबर होता. चार वेळा.

पुढं टेलिफोनच्या दोन इंजिनियरांना विचारलं. असं होऊच शकत नाही, एवढंच दोघं म्हणाले.

तात्यांची मुलगी पळसदेवला असते. बाजारात दिसली की अजून माझ्या आईची आठवण काढते, मी "चांगली होती बिचारी" असं काहीतरी पुटपुटतो. तिच्या आईसाठी केलेला फोन का उचलला गेला नाही, हे मी तिला समोर बसून सांगायला हवं. ते अजून राहिलंय.