दुपारच्या भाकरीची परीक्षा

नोकरी लागली तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती आणि नोकरी होती ज्वारीच्या संशोधन केंद्रावर. पुसदच्या आमच्या घरात पोळ्या व्हायच्या. शेतीची पदवी घेतली होती, पण चुलीपुढे बसण्याची वेळ कधी आली नव्हती. केंद्रावर तयार झालेले नवे वाण शेतकऱ्यांच्या शेतात पेरायचे, त्यांची उंची, कणसाची लांबी आणि दाण्याचं वजन मोजून रजिस्टरात लिहायचं, हे माझं काम.

कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेले, बोंडं अळीनं पोखरलेली. बाहेरगावचे पत्रकार आमच्या जिल्ह्यात यायचे ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा एकच प्रश्न घेऊन. कापसानं ज्वारीला शेतातून केव्हाच हाकललं होतं, लोक रेशनचा गहू खायला लागले होते. पण त्याच वर्षांत कुणीकुणी म्हणू लागलं की निदान घरच्या खाण्यापुरती ज्वारी असावी. म्हणून आमच्या साहेबांनी मारेगावकडच्या एका गावात सहा वाण पेरायचं ठरवलं. साहेब म्हणजे हे वाण तयार करणारे शास्त्रज्ञ. अबोल, पण ऐकून घेणारा माणूस. तिथल्या एका शेतकऱ्यानं, भाऊंनी, कापसाच्या मधोमध अर्धा एकर दिला. वाणांना नावं नव्हती, नुसते नंबर.

पीक तयार झालं तेव्हा गावातले शेतकरी बोलावले. प्रत्येकानं आपल्याला आवडलेल्या वाणापुढं एक खडा ठेवायचा, अशी पद्धत. चार नंबरपुढं बघता बघता खड्यांचा ढीग झाला. बुटकं, सरळ ताट आणि मुठीत न मावणारं भरगच्च कणीस.

"याले म्हंतात पीक!" ज्यांचं शेत ते भाऊ म्हणाले.

दोन नंबरपुढं फक्त दोन खडे पडले. उंच, वाऱ्यानं जरा कललेली, विरळ कणसाची ज्वारी होती ती. मी आकडे लिहून रजिस्टर मिटलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाच-सहा बाया उभ्या होत्या, विळे घेऊन. कापणी त्याच करणार होत्या. त्यांना खडे द्यायचं मला सुचलंही नव्हतं.

त्यांच्यातली एक बाई पुढं आली. भाऊंचीच बायको. निळ्या झेंड्याच्या चौकामागं त्यांचं घर. सातवीपर्यंत शिकलेली, चाळिशी ओलांडलेली, आवाज खणखणीत.

"साहेब, तुमी ताट मोजलं, दाना मोजला. भाकर कोनं मोजली?"

"केंद्रावर करून बघतो ना आम्ही, बाई," साहेब म्हणाले.

"अन् खाता कवा?"

"लगेच. गरम गरम."

बाया हसल्या. ती हसली नाही. "गरम त कोनतीबी गोड लागते. आमी पहाटे थापतो अन् दुपारी खातो, कापूस येचता येचता. दुपारी जे भाकर मोडत नाई, ते ज्वारी."

भाऊ चिडले. "तुले काय समजते त्यातलं? कनीस पाय ना!"

साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांचा चेहरा जरा उतरला होता. "मग कशी मोजायची, ते तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

तिनं जे सांगितलं आणि पुढच्या महिन्याभरात जे केलं, ते मी आजवर विसरले नाही. विद्यापीठात मी प्रयोग कसा करावा याचे तास बसून ऐकले होते. ते सगळं या बाईला कुणी न शिकवता येत होतं.

सहाही वाणांची मळणी तिनं वेगवेगळी करवली. चार नंबरच्या दिवशी तिनं बाही वर करून हात मला दाखवला, कोपरापर्यंत लाल चट्टे. "हे बी लिहा. याची कूस, बारीक कुसळं, लय खाजवते. गडीमानसं मळत नाईत, म्हनून त्यायले माईत नाई." मी लिहिलं. त्या रजिस्टरात तसा रकानाच नव्हता, समासात लिहिलं.

दळण चक्कीवर द्यायला तिनं साफ नकार दिला. तिथं आधीच्याचं पीठ मिसळतं. जुनं जातं काढून धुतलं, वाळवलं. नवा नंबर दळण्याआधी त्याच ज्वारीची एक मूठ दळून कोंबड्यांना टाकायची, मग खरं दळण. पाणी एकाच विहिरीचं, चूल एकच. आणि बाकीच्या बाया मदतीला आल्या तेव्हा म्हणाली, "नाई, साऱ्या मीच थापीन. हात बदलला का भाकर बदलते."

मी म्हटलं, "मावशी, फडक्यांवर नंबर मी लिहिते."

"तू नको. कोनती कोनाची हे तुले माईत असलं त तुह्या तोंडावर दिसन."

तिनं प्रत्येक फडक्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, कुठला रंग कुठल्या नंबराचा हे एका चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवलं आणि डबा फळीवर. मी पहाटे तिच्या शेजारी बसून पाहत होते, कुठलं पीठ कुठल्या नंबराचं ते मात्र तिनं मला सांगितलं नव्हतं. एका पिठाला चिकी, म्हणजे चिकटपणा, होता, उंडा हातात लोण्यासारखा फिरायचा. दुसरं पीठ कडेनं फाटत जायचं, ती पाण्याचा हात लावून लावून ते सांभाळायची, पण कमी-जास्त कौतुक कुणाचंच करायची नाही. सहाही पिठांच्या भाकरी सारख्याच मायेनं शेकल्या.

दुपारी कापसाच्या शेतात माणसं झाडाखाली बसली. ठेचा, कांदा, अंबाडीची भाजी. प्रत्येकानं सहाही फडक्यांतला तुकडा खायचा आणि आवडलेल्या फडक्यावर खडा ठेवायचा. या वेळी बायांनाही खडे दिले. पांढऱ्या दोऱ्याची भाकर हातात घेताच पापडासारखी तुटली. कुणीतरी म्हणालं, "हे कोनं आनली बे?" निळ्या दोऱ्याची भाकर मात्र पहाटेसारखीच मऊ होती, घडी घातली तरी चिरली नाही. खडे तिच्यावरच पडले. भाऊंनी तर दुसरा तुकडा मागून घेतला.

चिठ्ठी साहेबांनी वाचली. पांढरा दोरा चार नंबर. निळा दोन नंबर.

सगळे भाऊंकडं पाहायला लागले. मला वाटलं, आता मावशी काहीतरी टोमणा मारणार. ती भांडी आवरत राहिली. भाऊ हातातला तुकडा संपवून म्हणाले, "गोड हाय, मानतो. पन दोन नंबरचा धांडा जाडा हाय. बैल तोंड लावत नाईत. पाच नंबरचा कडबा त्यायनं सफा केला."

"खरं हाय ते," मावशी लगेच म्हणाली. "साहेब, ते बी लिहा. बैल उपाशी राहून कसं चालन?"

साहेबांनी तिथंच, पाय पसरून, वहीत लिहिलं: दोनची भाकर, पाचचा कडबा, चारचा दाणा. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं मी अर्ध्याच लोकांसाठी काम केलं."

पुढचं काम सोपं नव्हतं. त्या वाणांचे संकर करायला आणि त्यांतून निवड करायला कित्येक हंगाम गेले. केंद्राच्या बैठकीत एकानं विचारलं, चिकी मोजायचं एकक काय? साहेबांनी ते माझ्यावर सोपवलं. मी मावशीकडं गेले. तिनं सारख्या वजनाचे उंडे केले, एकेक थापत गेली आणि कड जिथं पहिल्यांदा चिरली तिथं थांबली. "हे मोज तुह्या पट्टीनं." मी मोजलं. ती पद्धत आमच्या फॉर्मात गेली. शेतकऱ्याच्या नावाखाली आणखी एक ओळही आली: घरातल्या बाईचं मत.

निवडीच्या एका हंगामात साहेबांनी तिला आणि भाऊंना केंद्रावर बोलावलं. ती ओळींमधून चालायची, चार दाणे तोंडात टाकून दातानं फोडायची आणि "ठेवा" किंवा "उपटा" म्हणायची. मागून भाऊ बैलांसाठी ताट चावून बघत. साहेबांच्या लाडक्या ओळीपुढं ती थांबली, दाणे चावले आणि थुंकून दिले. "उपटा."

साहेबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि ती ओळ स्वतःच्या हातानं उपटली.

शेवटी जो वाण आला त्यानं जिल्हा बदलला नाही. कापूस कापसाच्या जागी राहिला. पण त्या गावात बऱ्याच घरांनी अर्धा-पाऊण एकर तो पेरायला सुरुवात केली. माझी बदली झाल्यावर मी एकदा मुद्दाम गेले तेव्हा भाऊ शेतातल्या माळ्यावर, उंच मचाणावर, गोफण घेऊन उभे होते आणि मावशी खाली उभी राहून ओरडत होती, "तिकडं, तिकडं बसले!"

मला पाहून म्हणाली, "पाखरायले बी हेच आवडते, पोरी. साहेबायले सांग, यावर काही करता येते काय?"

मी वही काढली आणि लिहून घेतलं.