चाकावरच्या घरातलं पाणी

जी गोष्ट माझ्या नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती — आणि आता नवराही राहिला नाही — ती सांगायला बसले आहे. लेकीला सांगितली नाही. मठात इतक्या वेळा डोकं टेकवलं, तिथंही तोंड उघडलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही.

कुठून सुरू करू? गाडीपासून करते. गाडीबद्दल बोलायला मला अजून आवडतं.

आमचे हे बसचे ड्रायव्हर. सगळी नोकरी उदगीर आणि आसपासच्या रस्त्यांवर गेली. रिटायर झाल्यावर म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या थांब्यावर थांबलो. आता आपल्या मनानं थांबायचं." शाळेची पोरं नेणारी एक जुनी टेम्पो गाडी त्यांनी विकत घेतली, आतले बाक काढले, प्लायवूडचा पलंग ठोकला, गॅसच्या शेगडीला जागा केली, भांडी घासायला एक इवलीशी मोरी. वर टपावर दोनशे लिटरची टाकी, तिथून नळी थेट मोरीच्या तोटीला. तोटी सोडली की पाणी! गल्लीतल्या बाया बघायला आल्या, तेव्हा प्रत्येकीनं ती तोटीच सोडून बघितली.

खिडक्यांचे पडदे कमलनं शिवले. कमल म्हणजे आमच्या समोरच्या घरातली. नवरा हैदराबादला कामाला, घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी, आणि सगळं घर तिच्या शिलाई मशीनवर. लहानपणी ती माझ्याच वर्गात होती. मी प्राथमिक शाळेत शिकवायची — गल्लीतली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली. त्यामुळे मला सगळे बाईच म्हणायचे, अगदी माझ्याहून मोठ्या बायासुद्धा.

ते साल दुष्काळाचं. लागोपाठ दुसरं. नळाला महिन्यातून एकदा पाणी, तेही गढूळ. चौकात मात्र नव्या जिल्ह्याचे फलक लागलेले — उदगीर जिल्हा होणार. कलेक्टरचं ऑफिस कुठं बांधतील यावर हॉटेलात तासन्‌तास बोलणं चालायचं. कमल म्हणायची, "जिल्हा व्हईल तवा व्हईल, आदी तोटीला पाणी येऊ द्या म्हणावं."

आणि आमच्या अंगणातल्या बोरला पाणी होतं. सगळ्या गल्लीत तेवढाच एक चालू. रोज सकाळी बाया घागरी घेऊन यायच्या, रांग लागायची, मी मोटर चालू करायची. माझं नाव व्हायचं. खरं सांगू? मला ते नाव फार गोड लागायचं. आणि त्याच वेळी मनातून मी विटूनही गेले होते — अंगणात चिखल, घागरींची आदळआपट. मी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले की हमखास कुणीतरी हाक मारायचं. चांगलं असण्याचा कंटाळा येतो का हो माणसाला? मला आला होता.

वैशाखात निघायचं ठरलं. कोयनेच्या बाजूनं घाट उतरायचा, कोकणात जायचं, समुद्राच्या काठाकाठानं जिथं मन होईल तिथं गाडी उभी करायची. बारा दिवस. दोघांनीही समुद्र बघितलेला नव्हता. मग मला एक विचार सुचला. आपण नसताना गल्ली रोज उपसणार. परत येऊ तेव्हा बोर कोरडा असला तर?

भीती होती, असं म्हणता येईल. मी कित्येक वर्षं स्वतःला तेच सांगत आले. पण ते पूर्ण खरं नाही. मला ते पाणी एकटीचं हवं होतं. बस, एवढंच.

निघायच्या चार दिवस आधी मी मोटरचा फ्यूज काढला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. सकाळी कमल पहिली आली. फाटकातच तिला म्हणाले, "बोर आटला गं."

तिनं घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "आटंना का. तुमी तरी काय करणार बाई? दोन वर्सं पाजलंत." आणि तीच घरोघर जाऊन सांगून आली, की बाईंचा बोर गेला, त्यास्नी कुणी त्रास देऊ नका. एकानंही येऊन खात्री केली नाही. बाई खोटं कशाला बोलतील?

दुपारी उन्हानं गल्ली निजली की मी फ्यूज घालायची. घरातले पिंप भरले, हंडे भरले, आणि गाडीची दोनशे लिटरची टाकी काठोकाठ भरली. त्यातले पहिले दोन दिवस हे गाडी घेऊन गॅरेजात होते, ब्रेक नवे घालत; टाकी भरली ती गाडी परत आल्यावर. त्यांना मी म्हणाले, मोटर बिघडलीय असं सांगून बायांना थांबवलंय, चार दिवस बोरला विसावा.  घराची किल्ली कमलकडं देऊन आम्ही निघालो.

प्रवासाबद्दल काय सांगू? तो सुंदर होता, हेच तर सांगायला जड जातंय. बार्शी मागं पडली, सातारा गेला, आणि मग रस्त्याच्या दोन्ही अंगाला जंगल उभं राहिलं. असं हिरवं मी वैशाखात कधी पाहिलं नव्हतं. करवंदांच्या जाळ्या गाडीच्या काचेला घासत होत्या. हे तर लेकरासारखे झाले होते, प्रत्येक वळणावर गाडी हळू करायचे. एका सपाटीवर मुक्काम केला. सकाळी दार उघडलं तर समोर दरी धुक्यानं भरलेली. पलंगावर बसूनच मी तळहातावर लिंग घेतलं, पाणी घातलं, डोळे मिटले. पहिल्यांदाच मध्ये कुणी हाक मारली नाही.

तिथून थोडं वर धनगरांची चार घरं होती. तिथली एक म्हातारी, भागाबाई, गाडी बघायला आली. कुठले तुम्ही? मी म्हणाले, लातूरकडचे. तिनं छातीवर हात ठेवला. तिकडं प्यायला पाणी नाही असं तिनं ऐकलं होतं. आणि मी — मला काय झालं होतं? — मी तिला सगळं सांगितलं. नळ नाही, जनावरं विकली लोकांनी, आणि आमचा बोर होता तोही आटला. सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं आलं.

भागाबाई उठली, हंडा घेऊन खाली झऱ्यावर गेली. उन्हाळ्यात त्यांचाही झरा करंगळीएवढा झालेला, वाटीवाटीनं भरावं लागत होतं. बराच वेळ गेला. ती धापा टाकत वर आली आणि हंडा माझ्यापुढं ठेवला. "न्या. दुस्काळातली मानसं तुमी."

मी तो हंडा घेतला. आमच्या टपावर तेव्हा निम्म्याहून जास्त टाकी भरलेली होती.

हे चाकाजवळ उभे राहून सगळं ऐकत होते. गाडी सुरू केल्यावर, दोन वळणं गेल्यावर म्हणाले, "बोर कधी आटला?"

मी खिडकीचा पडदा सारखा केला.

"गल्लीला काय सांगितलंस तू?"

मग सांगावं लागलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पण त्यानंतर संबंध घाटात दरी बघायला म्हणून त्यांनी गाडी एकदाही थांबवली नाही. 

समुद्र दुसऱ्या दिवशी दिसला. सुरूच्या झाडांतून गाडी वाळूपर्यंत गेली. एवढं पाणी! मी लुगडं खोचून कमरेपर्यंत आत गेले, लाटा अंगावर घेतल्या, हसलेही. बाहेर आल्यावर अंग चिकट झालं, म्हणून टाकीचं गोडं पाणी बादलीत काढून अंगावर ओतलं. एक बादली, मग दुसरी. ते पाणी वाळूत जिरताना मी बघत होते. आमच्या गल्लीत दोन बादल्यांत एका घराचा दिवस निघत होता.

आठ दिवस आम्ही त्या किनाऱ्यानं फिरलो. हे गाडी चालवायचे, मी स्वयंपाक करायची, बोलणं कामापुरतं. परतीला निघायच्या सकाळी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "कमलला लाव. फ्यूज कुठं हाय ते सांग. किल्ली तिच्यापाशीच हाय. एका वाक्याचं काम हाय."

"आणि विचारलं तर?"

"सांग काय हाय ते. मी सांगणार न्हाई. तुझं हाय ते, तूच सांगायचं."

मी फोन लावला. कमलनं लगेच उचलला. "बाई, समिंदर बघितलाव का? लई मोठा हाय का? आवाज येतोय बगा मला." मी फोन लाटांकडं धरला. परत कानाला लावला तर ती हसत होती, सासूला, पोरीला ऐकवत होती. मी म्हणाले, "आज निघतोय. उद्या सांजच्याला पोचू."

"या या. पाण्याची काळजी करू नका. टँकर उद्या येणार हाय चौकात, तुमच्या घरचंबी धरून ठेवते. दमून येणार तुमी."

हे माझ्याकडं बघत होते. एक वाक्य. फ्यूज कुठल्या डब्यात, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं, बाकी खोटंच राहिलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गल्लीत पोचलो. आमच्या ओट्यावर दोन घागरी, वर फडकं बांधलेलं. कमलच्या दारात चपलांची गर्दी. तिच्या उजव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टर. तिच्या स्वतःच्या घरचं पाणी भरून झालं होतं. आमच्या नावाच्या तीन घागरी होत्या. दोन आणल्या. तिसरी आणताना चौकातल्या टँकरखालच्या चिखलात पाय सरकला आणि सगळा भार मनगटावर आला.

मला बघून ती उठू लागली. म्हणाली, "तिसरी सांडली बाई. दोनच राहिल्या."

तिथं तरी बोलायला हवं होतं, नाही का? मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तोंडातून निघालं, "माझ्यासाठी कशाला गेलीस गं?" आणि सगळ्या बायांना वाटलं, केवढी माया बाईंची.

आता जे सांगते ते त्याहून वाईट आहे. तिथून पाऊस पडेपर्यंत दीड महिना गेला. बोर आटला म्हटल्यावर तो चालू कसा करणार? दुपारी चोरून मी भरतच होते. आणि टँकर आला की कमलची मुलगी एक घागर आमच्या ओट्यावर आणून ठेवायची, आईनं सांगितलंय म्हणून. मी नको म्हणायची, पण ती खरंच थांबेल अशा सुरात नाही. ती आणत राहिली. मी घेत राहिले. हे त्या घागरीतलं पाणी कधी प्यायले नाहीत.

मृगाचा पाऊस झाला. आठवड्यानं मी फ्यूज घातला आणि सांगितलं, बोरला पुन्हा पाणी लागलं. बायांनी येऊन बोरला हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी म्हणालं, बाईंचं पुण्य. मी आरतीचं ताट हातात धरून उभी होते.

कमलचं मनगट नीट बसलं नाही. मशीनच्या सुईखाली कापड फिरवायला मनगट वळावं लागतं, ते वळेना. ब्लाऊज, झबली असलं बारीक काम तिनं सोडलं. पिशव्या, उशांचे अभ्रे, असलं सरळ शिवणाचं काम करायला लागली. नवऱ्याला तिकडची नोकरी सोडता येईना, मग एका वर्षानं तीच सासूला आणि मुलीला घेऊन हैदराबादला गेली. यांनी गाडी मात्र पाऊस झाला त्याच वर्षी दिवाळीच्या आत विकून टाकली. आम्ही पुन्हा कुठं गेलो नाही. शेवटपर्यंत ते मला एकदाही टोचून बोलले नाहीत, आणि एकदाही त्यांनी विचारलं नाही, सांगितलंस का म्हणून. त्यांना दिसतच होतं.

मागच्या वर्षी कमलच्या मुलीचं लग्न झालं, बिदरजवळ. पत्रिका घेऊन कमल स्वतः आली होती, डाव्या हातानं पिशवी धरून. मी गेले. का गेले? सांगायला गेले होते, असं मी निघताना स्वतःशी म्हणत होते. तिनं मला पहिल्या रांगेत बसवलं. जेवणं झाल्यावर व्याह्यांना घेऊन माझ्याकडं आली.

"ह्या आमच्या बाई," ती म्हणाली. "दुस्काळात ह्यांच्या बोरवर आमची अख्खी गल्ली जगली."

व्याही वाकून पाया पडले. मी हात वर केला आणि आशीर्वाद दिला.