बिनदोऱ्याचं पोट

पोट चिरून माझं लेकरू काढलं, ही बातमी मी सासरी पोचायच्या आधीच कुरुंद्याला पोचली होती. बैलगाडी दारात थांबली तर बायकांची ही गर्दी. पहिलटकरणीचं लेकरू बघायला बायका येतातच, पण त्या दिवशी पोरीच्या तोंडाकडे कुणी धड बघितलंही नाही. सगळ्यांचे डोळे माझ्या पदराआड शिरायला बघत होते. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर नुसती बघत उभी राहिले नसते, सरळ पदर उचलून बघितलं असतं.

आत काय आहे ते बघायची मला लहानपणापासून खोड. घरात पहिलं घड्याळ आलं ते मी मागून उघडलं आणि मार खाल्ला. वडील हिंगोलीच्या मोंढ्यात मुनीम होते. पोरगी एका जागी बसावी म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली. माझी ती खोड त्यांना पक्की माहीत होती.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. कळा सुरू झाल्या आणि थांबेचनात. लेकरू आडवं होतं. सुईणीनं सगळे उपाय केले, पोटाला तेल लावून लावून तिचे हात भरून आले, शेवटी ती बाजूला बसली आणि आईकडे बघून तिनं नुसती मान हलवली. वडिलांनी सासरी निरोप धाडला नाही की कुणाला विचारलं नाही. मला खाटेसकट स्टेशनावर नेलं. पूर्णेला गाडी बदलून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा मी शुद्धीत नव्हते. मला सांगतात की डॉक्टरीणबाईंनी वडिलांना एवढंच विचारलं, "काटना पडेगा, बोलो?" आणि वडील "काटो" म्हणाले आणि मग व्हरांड्यात जाऊन लहान पोरासारखे रडले.

मी जागी झाले तेव्हा लेकरू बाजूला होतं आणि पोटावर जाड पट्टा होता. लेकराला पोटभर बघून झालं आणि मग मला पट्ट्याखालचं बघायची घाई झाली. नर्स म्हणायची, "मत देखो, चक्कर आयेगी." म्हणून मी आईच्या कुंकवाच्या पेटीतला आरसा पांघरुणात लपवून ठेवला. पट्टा बदलताना नर्स औषध आणायला वळली की मी आरसा खाली धरायची. आरसा एवढासा, त्यात एका वेळी बोटभरच दिसे. आज वरचं बघितलं, तर उद्या खालचं. असं तुकड्यातुकड्यानं कळलं की बेंबीच्या खालून सरळ खालपर्यंत एक लाल रेघ गेली आहे आणि तिच्यावर आडवे काळे टाके आहेत. मोंढ्यातल्या मुनिमाची लेक मी, मला पहिल्यांदा शिवलेलं पोतं आठवलं. चक्कर काही आली नाही. उलट वाटलं, आपण शिवलेल्या आहोत, तर कुणी तरी नीट सांगावं की किती आणि कसं शिवलंय.

डॉक्टरीणबाई तुसड्या होत्या, पण विचारलं की सांगायच्या. त्या म्हणाल्या, वरचं कातडं वेगळं शिवलं, त्याखालचं मांस वेगळं, आणि लेकराची पिशवी वेगळी. मग एके सकाळी कात्री घेऊन आल्या आणि वरचे टाके एकेक करून ओढून काढले. मी म्हटलं, आणि आतले? त्या म्हणाल्या, ते काढायचे नसतात, आपोआप विरघळतात. तो दोरा मेंढीच्या आतड्याचा असतो.

आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती, तिला मटणाचं नावसुद्धा चालायचं नाही. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. डॉक्टरीणबाई गेल्यावर ती माझ्या खाटेपाशी वाकली आणि म्हणाली, "सासरी यातलं एक अक्षर काढू नको. टाक्याचं नाव घ्यायचं न्हाई. इचारलं तर म्हण, मला शुद्ध नव्हती." मी कबूल केलं. एवढ्या मरणातून निघालेल्या पोरीनं आईला उलटं काय बोलायचं?

तर असं ते तोंड बंद करून मी सासरी आले होते. पोट शिवलंय एवढं गावाला आधीच ठाऊक होतं, टाक्यांचं पुढं काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाईंनी मला वाईट वागवलं नाही. फक्त त्या माझ्याशी बोलताना माझ्या पोटाशी बोलत. गावातल्या बायका विरजण मागायला म्हणून येत आणि वाटी खाली ठेवून माझ्यासमोर बसत. "लेकरू बाहेर आलं तवा रडलं का?" "आतलं पाणी कुठं गेलं मग?" एक म्हातारी तर फार काळजीनं विचारायची, "अन् आता तू जेवलीस की अन्न बराबर जागेवर जातं नं माय?" मी सांगायची, जातं. ती घरी जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला यायची.

सगळ्यांत जास्त गावची सुईण मागे लागली होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. पण तिनं जे काही ओळखलं ते बोटांनी, बाहेरून. एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "त्या बाईला आतमधी काय काय दिसलं गं? तू इचारलंस का?" मी म्हटलं, तीन वेगवेगळे थर असतात म्हणे. तिनं आपला तळहात उलटापालटा करून बघितला. म्हणाली, "म्या इतकी वर्सं चाचपून राहिले. एकडाव बघाय मिळालं असतं." तिचा हेवा मला कळला. मला सुद्धा माझं आतलं कुठं बघायला मिळालं होतं?

बोलायला मला लाज नव्हती, दाखवायला होती. कारण नुसती रेघ असती तर गोष्ट वेगळी. दवाखान्यातून पोट बांधू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे जावांची पोटं बाळंतपणानंतर जशी आत गेली तसं माझं गेलं नाही. रेघेच्या वर मांसाची एक घडी लोंबायला लागली. लुगड्याच्या निऱ्या नेमक्या तिथं खोचायच्या, त्या घासून कातडं लाल व्हायचं. मग मी निऱ्या वर खोचायला लागले, तर जाऊबाई म्हणाल्या, "लुगडं काहून आखूड नेसून राहिली?" आभाळ आलं की रेघ खाजायची. रंग तर सारखा बदलायचा. आधी लाल, मग जांभळा, मग कडेनं पांढरट. मी न्हाणीत रोज वाकून बघायची. दुसऱ्या कुणाच्या अंगावर असती तर मला ती रेघ बघायला आवडली असती. माझ्या अंगावर होती, आणि एका माणसाला ती आवडत नाही असं मला वाटत होतं, म्हणून तिचा राग यायचा.

तो माणूस म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणत, मीही इथं तसंच म्हणते.

मालक मला न्यायला हिंगोलीला आले तेव्हा लेकीला त्यांनी जे उचललं ते गाडीत बसेपर्यंत खाली ठेवलं नाही. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. घरी आल्यावर त्यांनी मला पाण्याची घागर उचलू दिली नाही. जात्यावर बसू दिलं नाही. मी लेकीला कडेवर घेतलं की कुठून तरी येऊन ते तिला काढून घेत. आणि दिवस मावळला की हळदीच्या राखणीला मळ्यात झोपायला जात. हळद काढून झाली, मळ्यात राखायला काही उरलं नाही, तरी ते राखणीला जातच होते. वर्ष उलटून गेलं. त्यांनी मला बोटही लावलं नव्हतं.

सरळच लिहिते. मला ते जवळ यायला हवे होते. लग्न झाल्यापासून माझी त्यांच्याशी गट्टी होती. शेतातून येताना ते माझ्यासाठी कमरेला बोरं बांधून आणत आणि आत्याबाईंच्या नजरेआड माझ्या ओंजळीत टाकत. तो माणूस आता माझ्याशी परक्या बाईशी बोलावं तसं बोलत होता. मी मनाशी धरून चालले की त्यांना किळस आली. त्यातच एकदा जाऊबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "आत्याबाई बोलून राहिल्या व्हत्या, एका लेकीवर घर कसं चालंल. दुसरी बघतील बहुतेक." जाऊबाईंना वाईट बोलायचं नव्हतं. मी पुढं कितीतरी दिवस मालकांच्या तोंडाकडे बघून अंदाज घेत राहिले, पण काही समजेना. विचारायची माझी हिंमत नव्हती. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी मी, पण हा एक प्रश्न तोंडातून निघत नव्हता.

दुसऱ्या वर्षीची हळद आली. लढाईचे दिवस होते, तागाची पोती मिळायची मारामार, म्हणून जुनीच पोती ठिगळं लावून वापरायची. घरचे सगळे मळ्यात हळद शिजवायला गेले होते. वाळलेली हळकुंडं तेवढी घरी आणून टाकली होती आणि मालक ओसरीवर बसून पोती शिवत होते. मोठं दाभण, त्यात सुतळी. पोतं शिवण्यात गावात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी उंबऱ्यात बसून तूर निवडत होते, लेक रांगायचं सोडून नुकती पाय टाकायला लागली होती.

एक पोतं शिवून झालं होतं, शेवटची गाठ तेवढी मारायची होती. मालक सुतळी तोडायला विळा घ्यायला वळले आणि लेकीनं लोंबणारं टोक दोन्ही हातांनी धरून ओढलं. पोतं जुनं, तोंडापर्यंत गच्च भरलेलं. एक टाका सुटला, मग पुढचा, आणि मग पोत्याचं तोंडच उघडलं. हळकुंडं खडखडत ओसरीभर झाली. लेक टाळ्या पिटायला लागली. मी हसायला लागले.

मालक हसले नाहीत. त्यांनी झडप घालून लेकीला उचललं, माझ्यापासून लांब नेलं आणि माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, "ही रातचाला तुझ्या अंगावर झोपते."

मला काही कळेना. मी म्हटलं, "मग?"

"मग काय मग! कवा टाक्याला हात घातला तर? झोपेत वढला तर? दोरा जुना झाला आसंल आता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणून घागर नाही. म्हणून जातं नाही. या माणसाला वाटत होतं की मी अजून दोऱ्यावर आहे. वजन उचललं की पोतं उसवतं, घट्ट दाबलं की उसवतं, आणि त्यांना तर रोजच्या रोज दिसत होतं कसं उसवतं ते.

मी म्हटलं, "टाके हायेत कुठं? ते दवाखान्यातच काढले."

त्यांनी लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "काढले? आन् आतले?"

"ते इरघळले." मेंढीचं मी तेव्हा सांगितलं नाही, आईला दिलेला शब्द तेवढा तरी राखला.

"वरचे काढले, आतले इरघळले." त्यांनी हिशोब लावल्यासारखं पुन्हा म्हटलं. "मग धरून काय राहिलंय?"

हाच प्रश्न एका जागेवर पडून मीही दवाखान्यात विचारला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गोश्त से गोश्त जुड़ता है, बेटी." तेच मी त्यांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. झाडाच्या कलमासारखं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, व्हय, तसंच. तरी पटलं नाही. "आईला सांगू नको," ते म्हणाले. "नुसता दोरा हाय म्हणूनच ती घाबरून राहिलीय. बिनदोऱ्याची हायेस म्हटल्यावर तुला खाटंवरून उठू देणार न्हाई."

मग मी जे इतके दिवस विचारू शकले नव्हते ते विचारलं. "तुमाला किळस आली म्हणून मळ्यात झोपता नं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "मला इचारलं न्हाई कुणी," ते म्हणाले. "तिकडं तुला चिरलं, मी हितं नांगर धरून व्हतो. तू वाचलीस. आता माझ्या हातानं काही झालं तर?"

लेक रडून रडून झोळीत झोपली. मी त्यांना कोठीत नेलं. वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं, तिथं उभी राहिले आणि निऱ्या सोडून खाली केल्या. ती घडी, ती रेघ, सगळं. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं, पण त्यांचा चेहरा बघायचा होता म्हणून मिटले नाहीत. मालक गुडघ्यावर बसले. टाक्यांच्या जागी दोन्ही बाजूंना जे पांढरे ठिपके राहिले होते ते त्यांनी वरपासून खालपर्यंत बारकाईनं बघितले. दोरा खरंच नाही याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, "हात चांगला व्हता बाईचा. टाका सारखा पडलाय." मला रडू यायचं होतं, त्याच्या आत हसू आलं.

"दाबू का?" त्यांनी विचारलं.

त्यांचा तळहात माझ्या पोटावर आला. मी वाट बघितली. हात तिथंच होता, मला दिसत होता, हळदीनं पिवळा झालेला. पण मला तो लागेना. रेघेच्या आजूबाजूचं कातडं तेव्हापासून बधिर झालेलं होतं, चिमटा काढला तरी कळायचं नाही.

"दुखून राहिलं का?"

"न्हाई. तिथं मला कायच कळत न्हाई."

आपलंच काही चुकलं असं वाटून ते हात काढायला लागले. मी मनगट धरलं आणि हात वर सरकवला, बेंबीच्या वर, बरगड्यांपाशी. त्यांच्या तळहाताचे घट्टे लागले, सुतळीनं पडलेले.

"हितं ठेवा," मी म्हणाले. "हितं कळतंय."