जेवलात का?

परदेशातल्या एका वृद्धाश्रमात मी फरशी पुसतो. सातवीतच शाळा सुटलेल्या माणसाला इथं काम मिळालं, हे उपकारच. पण गावची सवय जात नाही. खिडकीजवळ बसणाऱ्या आजोबांना मी रोज दुपारी विचारायचो, "जेवलात का?"

एकदा ते भडकलेच. "माझा विसराळूपणा तपासतोस काय?"

सुपरवायझरबाईंनी मला बजावलं, "असलं काही विचारू नकोस. तक्रार झाली तर नोकरी जाईल."

मी घाबरलो. मोडक्यातोडक्या भाषेत आजोबांना म्हटलं, "आमच्याकडे हा नुसता नमस्कार असतो, आजोबा. पोट रिकामं असलं तरी 'हो' म्हणायचं."

"मग विचारता कशाला?"

खरंच, कशाला? आम्ही विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. इथं कुणी विचारत नाही, पण विचारलंच तर माणूस खरं सांगून टाकतो.

"नाही जेवलो," ते हळूच म्हणाले. "एकट्यानं घास उतरत नाही."

बाई दारातच उभ्या होत्या. तरी मी खुर्ची ओढून आजोबांसमोर बसलो. बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं, आजोबांपुढचं गार सूप उचललं आणि गरम करायला घेऊन गेल्या.