दोरवाली

जगावेगळ्या मुलांची आणि त्यांच्या आईबापांची सेवा करण्याची आमच्या जिल्ह्याला थोर परंपरा आहे, असं परवा चंद्रपुरातल्या एका समारंभात मुख्य वक्त्यांनी सांगितलं. व्यासपीठावर समई होती, शाली होत्या, आणि शाल नेमकी कुणाला द्यायची यावरून थोडी कुजबुज चालली होती. मीही टाळ्या वाजवल्या. माझ्या माहितीप्रमाणे ही परंपरा एका बाईपासून सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते. त्या बाईनं माझ्या भावाच्या कमरेला दोर बांधला होता.

तिचं नाव कौतिका, पण सावली गावाच्या आसपासच्या खेड्यांत तिला सगळे दोरवालीच म्हणत. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत ही गावं रिकामी होत. बायका पहाटेच धानाच्या बांध्यांत उतरत. तान्ही पोरं शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत निजत, त्यांच्याहून मोठी चिखलात खेळत. पण एखाद्या घरी असं पोर असे, की ते झोळीत मावत नसे आणि चिखलात सोडता येत नसे. ते कुठंही पळे, काहीही तोंडात घाली, हाकेला ओ देत नसे. त्याला घरच्या खांबाला बांधून आई रोवण्याला जाई आणि दिवसभर ओणवी होऊन त्याचाच विचार करी. अशा घरांतून दोरवालीला बोलावणं जाई. दोन वेळचं जेवण, तंबाखू आणि हंगाम संपला की पायलीनं धान, एवढ्यावर ती येई.

आमच्या घरी बांधी नव्हती. बाबा शाळेत मास्तर होते आणि आम्ही शाळेलगतच्या खोल्यांत राहत होतो. पण वसंता होता. तो सहा-सात वर्षांचा असेल. बोलत नसे. पितळी झाकण जमिनीवर गरगर फिरवत तासन् तास बसे आणि शाळेची घंटा झाली की कानांवर हात ठेवून किंचाळे. तो कधी झोपेल याचा नेम नव्हता, आणि दार उघडं दिसलं की तो थेट तलावाकडे धावे. पाण्याचं त्याला वेड होतं, भीती अजिबात नव्हती. पुजाऱ्यानं सांगितलं, बाहेरचं आहे. वैद्य म्हणाले, वात आहे. सावलीचे डॉक्टर म्हणाले, मोठा झाला की होईल ठीक. आत्याच्या मते ग्रहणात भाजी चिरल्याचा हा परिणाम. चौघांचं निदान वेगळं होतं, पण चूक आईची यावर एकमत होतं. आई त्याला लुगड्याच्या पट्टीनं ओसरीच्या खांबाला बांधी, स्वयंपाक करी, आणि मधेच उठून गाठ पाहून येई. ती रडत नसे. रडायलाही थोडी विश्रांती लागते.

दोरवाली आली तेव्हा बाबांना वाटलं, ही आता पोराला सोडवील आणि आपल्याला चार गोष्टी सुनावील. बाबांनी त्यासाठी उत्तरंही तयार ठेवली होती. तिनं खांबाभोवती एक चक्कर मारली, तंबाखू थुंकली, वसंताच्या कमरेची पट्टी सोडली, आणि तिथं आपला चांगला लांबलचक सुताडी दोर बांधला. दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळून गाठ मारली.

"हे काय? बांधलेलाच राहिला की तो," बाबा म्हणाले.

"खांब चालत नाई, मास्तर," ती म्हणाली. "मी चालतो."

आणि ती चालू लागली, म्हणजे वसंता नेईल तिकडे. तो पुढे, दोर मधे, आणि मागे लुगडं खोचलेली ही उंच, काळी, चिडखोर बाई. तो उकिरड्यावर गेला की ही उकिरड्यावर. तो बैलगाडीच्या चाकापुढे बसला की ही गाडीच्या सावलीत. पारावरची माणसं हा तमाशा फुकट पाहत.

"काऊन वो कौतिका, बैल कोन हाय तुमच्यात?"

"बैल मीच हावो," ती न थांबता म्हणे. "पन तुह्या बायकोपेक्षा कमीच राबतो."

तिला वसंताचं काही कळलं होतं, असा तिचा दावा नव्हता. पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला की जीभ सुटते, असं ती छातीठोकपणे सांगे, आणि त्या पेरवांनी वसंताला दोनदा हगवण लावली. मी विचारायची, "तो असा का करतो?" ती म्हणायची, "मले काय मालूम? त्याले इचार." तिचं सगळं लक्ष खरं तर आईवर होतं. दुपारी ती वसंताला घेऊन दारातच फतकल मारून बसे आणि आत बघून हुकूम सोडी, "बाई, आंग टाक."

"झोप येत नाही हो," आई म्हणे.

"झोप नको येऊ दे. आंग तं टाक."

आई भिंतीकडे तोंड करून पडायची. तिचे डोळे उघडे असत. ते मला दिसत, आणि दोरवालीलाही दिसत असावेत, कारण त्या वेळी ती पारावरच्या कुणाशी भांडतही नसे.

भादव्यात आमच्या गावात पंचायतीच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. विकासखंडाचे साहेब जीपमधून आले. तलावाच्या पाळीजवळ, मातीच्या उंच बांधालगत, मांडव घातला होता, बायका एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला. भाषणाच्या मध्येच साहेबांची नजर मांडवाच्या कडेनं चाललेल्या वसंतावर आणि त्याच्यामागच्या बाईवर गेली. देशाच्या बेड्या तुटल्या, पण हे बालक अजून बंधनात आहे, असं काहीसं ते बोलले आणि गळ्यातल्या हारासकट खाली उतरले.

"बाई, सोडा ही दोरी."

"नाई सोडत."

बाबा घामाघूम झाले होते. "कौतिकाबाई, साहेब सांगताहेत ना."

तिनं बाबांकडे पाहिलं. मग आपल्या कमरेची गाठ सोडली आणि दोराचं टोक साहेबांच्या हातात दिलं. "घ्या. धरा तुमी."

साहेबांनी धरलं. लोकांना ते दृश्य फारच आवडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या झाल्या की दोन्ही हात जोडायची साहेबांना सवय होती. त्यांनी हात जोडले.

वसंता दोर ओढत पाळीवर चढला आणि पलीकडे दिसेनासा झाला. बायकांची बाजू पाळीला लागून होती, म्हणून आई सर्वांच्या आधी पोचली. मी पाळीवर आले तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तळव्यांनी पाणी थापटत होता, खुशीत होता, आणि आईनं त्याचा दंड धरला होता. "सापडला, सापडला!" मागून माणसं ओरडली. कुणीतरी हसलंही.

पण आई मागे वळली नाही. तिनं वसंताला कडेवर उचललं आणि ती पुढे निघाली. घाई नव्हती. विहिरीवर निघाल्यासारखी ती चालत होती. पाणी तिच्या छातीला लागलं. माणसं पाळीवर आपसांत बोलत होती, त्यांना वाटलं असावं की ती पायाखाली बरी जमीन शोधते आहे.

दोरवाली माझ्या शेजारून घसरत खाली गेली. वसंताच्या मागे दोर पाण्यावर तरंगत होता. त्याचं टोक अजून काठाच्या चिखलात होतं. तिनं ते मुठीला गुंडाळलं, चिखलात टाचा रोवून मटकन खाली बसली आणि ओरडली,

"बाई! तुले जाचं असन तं जाय! पोराले इथी ठेवून जाय. तो माह्या जिम्म्याचा हाय!"

आई थांबली. का थांबली, हे मला अजून सांगता येत नाही. दोर ताणला गेला होता म्हणून असेल. किंवा वसंता जन्मल्यापासून "पोराला ठेवून जा" असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं, म्हणून असेल. ती बराच वेळ तशीच, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. दोरवालीनं दोर ओढला नाही आणि सैलही केला नाही. मग आई वळली.

मांडवात परत आल्यावर साहेबांनी समारोपात आईचा वीरमाता म्हणून उल्लेख केला.

संध्याकाळी दोरवालीनं बाबांना ओसरीवर बसवलं. मी चुलीपाशी होते, मला सगळं ऐकू आलं. "मास्तर, पोरगा पान्यात पयत गेला. बाई चालत गेली. पयनाऱ्याले दोर पुरते, चालनाऱ्याले नाई पुरत. पोराले मी पाहतो. बाईले तुमी पाहा."

"मी काय करू?" बाबांनी विचारलं. मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या माणसाचा इतका लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मले काय मालूम? घरी राहा."

बाबा घरी राहू लागले. शाळा सुटली की पारावर न जाता ते वसंताला घेऊन बसत. झाकण फिरवायला त्यांना कधी नीट जमलं नाही. आत्याला त्यांनी पत्र लिहून यायची मनाई केली. एवढ्यानं सगळं ठीक झालं असं नाही. आई पुढेही कित्येकदा तलावाच्या बाजूची खिडकी उघडून उभी राही, आणि घरातलं कुणी ना कुणी तिच्याजवळ जाऊन उगाच काहीतरी विचारी. धान कापणीला दोरवाली दुसऱ्या गावी गेली. निघताना आई तिच्या गळ्यात पडून रडली. "रड, रड," ती म्हणाली, "रडाले टाइम हाय मंजे झोप होऊन राह्यली तुही." वसंतानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिनंही त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढे बाबांची बदली वडशाला झाली. काही वर्षांनी, वसंताला मिसरूड फुटली तेव्हा, आईनं हट्टानं त्याला आणि मला घेऊन दोरवालीचं गाव गाठलं. तिच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. पिशवीत तिच्यासाठी वडशाच्या बाजारातून घेतलेलं नवं लुगडं होतं. दोरवाली आदल्या उन्हाळ्यात तापानं गेली होती. आई ओट्यावर बसली आणि त्या बाईचे आपल्यावर किती उपकार आहेत, हे तिनं दोरवालीच्या सुनेला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, तलावासकट. सूनबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमचे पोरं नाई पाह्यले बुढीनं एक दिवस," ती म्हणाली. "मने, तुमचे धडधाकट हायत, सोडून द्या मोकळे. भारी कटाळा होता तिले पोराइचा."

मग तिनं लुगडं उलगडून उजेडात धरलं आणि रंग जातो का, असं विचारलं. आई म्हणाली, पहिल्या धुण्यात थोडा जातो.