फ्रिस्बीच्या रांगेत उभं राहताना

पळण्यात मला हरवणारी मुलगी आमच्या कॉलेजात नव्हती. बढाई म्हणा हवं तर, पण खरं ते खरं. पाच वर्षं खो-खो खेळले, गुडघे फोडून घेतले, आणि कॉलेज संपलं तसं एका दिवसात सगळं बंद. अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली, दिवसभर खुर्चीत बसून फोन घ्यायची. पायांना कामच राहिलं नाही. त्यामुळे तिथल्या एका साहेबांनी रविवारी सकाळी गंगापूर रोडजवळच्या मैदानावर फ्रिस्बी खेळायला बोलावलं, तेव्हा हा काय प्रकार आहे हे विचारायच्या आधीच मी हो म्हणून बसले. दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षं उलटली असतील. नाशकात तेव्हा फ्रिस्बी म्हणजे सहलीला नेऊन एकमेकांकडे फेकायची प्लॅस्टिकची थाळी, एवढीच लोकांची समजूत.

साहेब काही वर्षं चेन्नईला राहून आलेले, तिथं हा खेळ शिकलेले. मैदानावर आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते थाळीला डिस्क म्हणायचे, आम्ही थाळीच म्हणायचो. एका बाजूला सात जण, मुलगे-मुली एकत्र. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टा आखलेला. समोरच्या पट्ट्यात आपल्या माणसाने थाळी झेलली की गुण. थाळी हातात असताना पळायचं नाही. समोरचा मोठ्याने दहा आकडे मोजतो, तेवढ्यात ती आपल्यातल्या कुणाकडे तरी फेकायची. खाली पडली की त्यांची. आणि पंच नाही, चूक ज्याची त्याने कबूल करायची. हे शेवटचं ऐकून मी आणि माझ्याबरोबर आलेल्या खो-खोच्या तीन मैत्रिणी एकमेकींकडे बघून हसलो.

पहिल्या दिवशी थाळी ज्याच्या हातात, त्याच्याभोवती आमचा सगळ्यांचा गराडा. मला दे, मला दे. फेकायला वीतभर जागा उरेना. सरांनी खेळ थांबवला, सगळ्यांच्या चपला मागवल्या आणि जमिनीवर मांडल्या. एक चप्पल थाळीवाल्याची. तिच्यापासून पंधरा पावलं सोडून, मैदानाच्या मधोमध, बाकीच्या एकामागे एक. दोन्ही बाजू रिकाम्या.

"ही रिकामी जागा सांभाळायची," सर म्हणाले. "तिथं कुणी उभं राहायचं नाही, तिथं फक्त पळत यायचं. रांगेतल्या शेवटच्याने लांब जातोय असं दाखवायचं, झटकन वळायचं आणि तिरकं थाळीवाल्याकडे यायचं. मिळाली तर झेलायची. नाही मिळाली तर कडेकडेने निघून परत रांगेत. म्हणजे पुढच्याला जागा मोकळी."

रांग म्हटल्यावर आम्हाला कोण शिकवणार? आम्ही चौघी ऐटीत जाऊन उभ्या राहिलो, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. आणि हललोच नाही. थाळीवाला ताटकळलेला, समोरचा मोजतोय, सात, आठ, नऊ, आणि आम्ही ढिम्म. सर वैतागले. "अगं, निघा की. वाट कसली बघताय?"

माझी मैत्रीण अगदी मनापासून म्हणाली, "सर, खो कुणी दिलाच नाही."

हसू नका. खो-खोत पाठीवर हात पडून खो मिळाल्याशिवाय जागचं उठलात तर चूक धरतात. इतक्या वर्षांची सवय पायात मुरलेली. इथं कुणी खो देत नाही, आपलं आपण निघायचं, हे अंगवळणी पडायला आम्हाला तीन रविवार लागले.

माझं एक असं आहे, की एखादी गोष्ट एकदा कळली की मी ती जरा जास्तच करते. मग मी थांबेनाच. रांगेत पाय टेकला न टेकला की पुन्हा बाहेर. थाळी जिकडे, मी तिकडे. गुण होत होते, लोक टाळ्या वाजवत होते, मी खूश.

आमच्यात एक प्राथमिक शाळेच्या शिक्षिका होत्या, पस्तिशी ओलांडलेल्या, दोन मुलांची आई. सगळे त्यांना ताई म्हणायचे. नाशिक रोडहून पहिल्या बसने यायच्या, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून खेळायच्या. आठवडाभर त्यांच्या कॉलनीत, विहारासमोरच्या पटांगणात, नवऱ्याला उभं करून झेलायचा सराव करायच्या. पळायला जरा जड, पण हातात आलेली थाळी त्यांच्याकडून सुटायची नाही. तरी वर्षभरात पट्ट्यात त्यांनी एकदाही झेलली नव्हती.

कारण मी. ताई मोकळ्या जागेकडे निघाल्या की मीही तिथं हजर. माझ्यामागे माझ्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी. एवढ्या गर्दीत ताईंना थाळी कोण देणार? कधी त्यांच्यासाठी फेकलेली मीच उडी मारून घ्यायचे. गुण आपल्यालाच मिळतोय ना, असं माझं म्हणणं.

मग ताईंची सुरगाण्याकडच्या शाळेत बदली झाली. पुढच्या रविवारी देवळाली कॅम्पच्या मुलामुलींशी आमचा सामना होता, तो त्यांचा शेवटचा. बूट सोडता सोडता त्या म्हणाल्या, "एकदा तरी पट्ट्यात झेलायचीय मला. तिकडे डोंगरात कोण खेळणार आहे माझ्याशी?"

सर माझ्याकडे वळले. "रविवारी तू ताईंच्या जागेत घुसायचं नाहीस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सर, मी पळते म्हणून आपण जिंकतो. हिंडायची हौस नाही मला."

ताईच बोलल्या, वर्गात बोलावं तशा शांतपणे. "खो दिल्यावर तू काय करतेस गं?"

"बसते."

"कुठं?"

"जिला खो दिला तिच्या जागेवर."

"आणि पळतं कोण?"

"ती."

"तेव्हा राग येतो तुला?"

मी सायकल काढली आणि तणतणत घरी गेले. पण प्रश्न काही पिच्छा सोडेना. पाच वर्षं मी खो देऊन बसत आले होते आणि त्यात माझं काही गेलं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मग इथंच एवढी हाव कसली सुटली होती मला? लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

देवळालीची पोरं काटक निघाली. बारा-बारा अशी बरोबरी झाली आणि पुढचा गुण घेईल तो जिंकणार असं ठरलं. ताईंना तोवर पट्ट्यात एकही मिळाली नव्हती. दोनदा मीच सवयीने आड आले होते आणि दोन्ही वेळा जीभ चावली होती.

थाळी सरांच्या हातात. पट्टा वीसेक पावलांवर. रांगेत शेवटची मी, माझ्यापुढे ताई. मी निघाले, पट्ट्याच्या डाव्या कोपऱ्यात पोचले. माझ्यामागची उंच मुलगी अंगाला चिकटूनच होती, सरांनी फेकली नाही. एरवी मी तिथंच उभी राहून हात हलवले असते. या वेळी पाठ फिरवली आणि कडेकडेने पट्ट्याबाहेर पळत सुटले, "सर, इकडे" असं ओरडत. उंच मुलगी मागे आलीच, वर ताईंवर नजर ठेवणारा मुलगाही माझ्याकडे धावला. वर्षभराचा माझा लौकिक एकदाचा कामी आला. कोपरा रिकामा झाला. ताई निघाल्या.

सहा. सात. सरांनी फेकली. ती सरळ माझ्या डोक्यावरून यायला लागली, इतकी खालून, की उडी मारली असती तर हातात आली असती. उंच मुलीची नजर माझ्यावरच, थाळीकडे तिची पाठ. माझा हात उठायला लागलाही होता. मी तो कुर्त्यात मूठ वळून धरून ठेवला. आयुष्यात इतकं जड काही मी पेललेलं नाही.

मागे वळून बघितलं तेव्हा ताई पट्ट्यात गवतावर बसलेल्या, थाळी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. सगळे त्यांच्याकडे धावले. देवळालीवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत शेवटी पोचले.

ताईंचे डोळे भरले होते. मला बघून म्हणाल्या, "तू कुठं होतीस गं? या वेळी मधे कुठं दिसलीच नाहीस."

"कडेला होते," मी म्हणाले, आणि त्यांच्या गळ्यात पडून त्यांच्याहून जोरात रडले.